गोल कोपऱ्यांचं कार्ड

भडगावच्या बाजारपेठेत सविता टेलरची एक ख्याती आहे. चौथ्या दिवशी ब्लाऊज देते म्हणाली की चौथ्याच दिवशी देते. टेलर लोकांत हा गुण म्हणजे उंबराचं फूल, त्यामुळे कजगाव, पाचोऱ्याकडच्या बायकासुद्धा साडीची पिशवी घेऊन तिच्या ओट्यावर येऊन बसतात. बाई बावन्न वर्षांची. तोंडाने फटकळ, मनाने साफ, आणि हात असा की कापडावर खडूची रेघ एकदाच ओढायची, दुसऱ्यांदा नाही.

खोड म्हणाल तर एकच, चौकसपणा. साडी कोणी घेतली, कुठून घेतली, कशासाठी घेतली, जाऊबाईला पण तशीच घेतली का, हे सगळं कळल्याशिवाय ती कात्री हातात घ्यायची नाही. तिचा नवरा समाधान शाळेची गाडी चालवतो. तो म्हणतो, "तू चुकून मशीनवर बसलीस, खरी तर पोलिसांत जायची होतीस." सविता म्हणते, "पोलिसांना लोक खोटं सांगतात, टेलरला सांगत नाहीत. माप द्यायला उभं राहिलं की माणूस खरं बोलतं."

आता एवढी चौकस बाई, गावभरच्या पोटातलं काढणारी, पण घरातली एक गोष्ट तिला बावन्न वर्षांत उलगडली नव्हती. ती म्हणजे आईचं माहेर.

तिची आई द्रौपदाबाई पंचाहत्तरीची, तिच्याकडेच राहते. माहेर दोंडाईचा. सख्खा भाऊ निंबा, तिच्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, अजून हयात. आणि खानदेशात आखाजी म्हणजे काय हे काय सांगायला हवं? अक्षय तृतीया जवळ आली की सासुरवाशिणीचे कान वाटेकडे. भाऊ मुराळी होऊन येणार, बहिणीला घेऊन जाणार, मग झोके, गाणी, आमरस-पुरणपोळी. साठीसत्तरीच्या बायकासुद्धा आखाजीला पिशवी भरतात. द्रौपदाबाईने मात्र बावन्न आखाज्या भडगावात काढल्या. कोणी विचारलंच तर ती एक वाक्य म्हणून दाखवायची, शाळेतल्या पोरीने कविता म्हणावी तसं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता: "इकडे सर्व खुशाल आहे. आखाजीला येऊ नये, ऊन फार आहे."

हे वाक्य तिच्या भावाच्या कार्डातलं. सविता पोटात होती, दिवस भरत आले होते, तेव्हा आलेलं. आणि हे कार्ड आलं त्या वेळी तिची आई मरून पडली होती! दोन महिन्यांनी दोंडाईच्याकडचा एक कासार बांगड्या घेऊन बाजाराला आला, तो बोलता बोलता म्हणाला, "बाई, तुमची माय गेली, तुम्ही आल्याच नाहीत?" द्रौपदाबाईच्या मांडीवर सव्वा महिन्याची सविता होती. तिने बांगड्यांचा हात मागे घेतला. त्या दिवसापासून भाऊ मेला असं तिने जाहीर केलं. आई मेलेली असताना "सर्व खुशाल" असं लिहिणारा भाऊ! बहिणीला बोलवायला लागू नये, दहाव्याला तिचं करावं लागू नये, म्हणून? चीड येईल नाही तर काय होईल? तिकडे भाऊही अडून बसला. त्याचं म्हणणं, मी कळवलं आणि ही आली नाही. अबोला असा पडला की दोघांची पोरं म्हातारी व्हायला आली तरी सुटला नाही.

यंदा आखाजीला आठ दिवस असताना राकेशचा फोन आला. राकेश म्हणजे निंबामामांचा नातू, दोंडाईच्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पोरगा गोड बोलतो. दोनतीन वर्षांपासून तोच आखाजीच्या आधी फोन करायचा आणि दरवेळी नकार ऐकायचा. या वेळी म्हणाला, "आत्या, नाना बाथरूममध्ये पडले. आता उठत नाहीत. जेवण कमी झालंय. दिवसातून दहादा विचारतात, द्रौपदा आली का? एकदा आजीला घेऊन या. नाना म्हणतात, मी तर कार्ड टाकलं होतं."

सविताने फोनवर हात ठेवून आईला सांगितलं. द्रौपदाबाई शेवग्याच्या शेंगा मोडत होती.

"टाकं व्हतं ना," ती म्हणाली, "मी कोठे नही म्हनस? टाकं व्हतं, तेच तर दुखस." आणि पुन्हा ते वाक्य, शब्दन् शब्द. "सांग त्याले, इकडे सर्व खुशाल आहे."

आता दुसरी कोणी असती तर कपाळावर हात मारून फोन ठेवून दिला असता. सविताच्या डोक्यात मात्र सुई अडकली. तो म्हणतो, टाकलं. ही म्हणते, आलं. भांडण पन्नास वर्षांचं, आणि दोघांची साक्ष एकच! मग भांडण कशाचं? आणि ते कार्ड आहे कुठे?

कार्ड कुठे असू शकतं हे मात्र तिला माहीत होतं. तिचे वडील कौतिक टेलर, तिचे आबा, ज्यांच्या हाताखाली ती सातवीनंतर मशीनवर बसली, त्यांच्या दुकानात एक तार होती. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेली टोकदार तार, पूर्वी प्रत्येक दुकानात असायची तशी. आलेलं कार्ड वाचून झालं की आबा ते तारेत खुपसायचे. अकरा वर्षांपूर्वी जाताना ते सविताला म्हणाले होते, "जुनं मशीन भंगारात दे पाहिजे तर. तार देऊ नको." तिला वाटलं होतं, म्हातारपणची माया, दुसरं काय? तार तिने पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर टाकली होती.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. तिने समाधानकडून पेटी खाली काढून घेतली, दुकानातल्या कापायच्या टेबलावर जुनं धोतर अंथरलं आणि एकेक कार्ड तारेतून वर काढायला लागली. प्रत्येकाच्या मधोमध भोक. सगळ्यांत वरचं सगळ्यांत नवं, खाली जावं तसं जुनं. तारेसारखी इमानदार तारीखवही नाही बघा, तिच्यात मागचं पुढे करता येत नाही.

कसला खजिना होता तो! सविता कार्ड वाचायची आणि तिच्यासमोर माणसं उठून बसायची. निंबामामा चौथी शिकलेले, अक्षर ढेकळासारखं, पण सगळं लिहायचे. पांढरी गाय व्याली, कालवड झाली, नाव द्रौपदाने ठेवावं. आईचे दात दुखतात पण पानतंबाखू सोडत नाही. सन बहात्तरच्या कार्डात विहीर आटली, मी खडी फोडायला जातो, हाताला फोड आले म्हणून अक्षर वाकडं आहे, हसू नये. सविता हसली आणि तिला मग वाईटही वाटलं. ज्या मामाला आपण जन्मात दोनदा पाहिलं, तेही कुणाच्या लग्नात लांबून, तो असा होता? असा हसवणारा?

आणि दोन कार्डं अशी, की ती वाचताना तिने पंख्याचं बटण बंद केलं, कागद हलू नयेत म्हणून. एक सन सत्तरचं, एक एकाहत्तरचं. "जे झालं ती देवाची मर्जी. द्रौपदाने मन घट्ट करावं. कूस पुन्हा भरेल." एक मूल गेलं होतं हे तिला माहीत होतं. दोन गेली होती, हे आईने कधी सांगितलंच नव्हतं.

वाचता वाचता तिला आणखी एक गोष्ट खटकली. या तारेवर कोणी मरतच नव्हतं! बारसं होतं, लग्नं होती, आजारपणं होती, पण आजोबा गेले त्याचं कार्ड नाही, मावशी गेली त्याचं नाही. मग तिचं तिलाच आठवलं. वाईट बातमीचं कार्ड ठेवतात कुठे? लिहिणारा त्याचा एक कोपरा फाडून पाठवायचा. कोपरा फाटलेला दिसला की अक्षर न येणाऱ्यालाही कळायचं, कोणीतरी गेलं. असं कार्ड उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. बाहेर उभं राहून वाचायचं, ऐकायचं, फाडून टाकायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मग घरात यायचं. घराघरांत हीच रीत होती. म्हणून जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यात माणसं नुसती जगताना सापडतात.

तिने ते वाक्य शोधायला घेतलं. "इकडे सर्व खुशाल." हे तर प्रत्येक कार्डात. पण "आखाजीला येऊ नये, ऊन फार आहे" कुठेच नाही. दोनदा तार पालथी घातली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. मामांचं ते वाक्य मामांच्या एकाही कार्डात नव्हतं. आणि त्र्याहत्तरच्या एप्रिलनंतर दोंडाईच्याचं एकही कार्ड नव्हतं.

त्या एप्रिलचं शेवटचं कार्ड वरच्या कार्डाला चिकटून बसलं होतं, ते तिसऱ्या खेपेला सुटलं, आणि ते मात्र चमत्कारिक होतं. त्याचे चारही कोपरे गोल होते. नेहमीचं पिवळं पोस्टकार्ड, आणि कोपरे नव्या पत्त्यांच्या कॅटमधल्यासारखे सफाईदार गोल. शिक्का दोंडाईच्याचा, चोवीस एप्रिल. तिने ते उलटं केलं. पहिलीच ओळ, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..."

तिने कार्ड पूर्ण वाचलं. पुन्हा वाचलं. मामा खोटं बोलले नव्हते. मामांनी कळवलं होतं, ढेकळासारख्या अक्षरांत, सगळं खरं.

मग गोल कोपरे कोणी केले? पहिला संशय आला आजीवर, आबांची आई तानुबाई हिच्यावर. म्हातारी करामती होती, सुनेला माहेरी धाडायचं तिच्या जिवावर यायचं. सविताने मनातल्या मनात आजीला दोन शिव्यासुद्धा हासडल्या. पण तानुबाईला कात्री धरता येत नव्हती, तिने कापलेली चिंधीसुद्धा वाकडी असायची. आणि हा काप! एका फटक्यात, कुठे खाचखळगा नाही. सविता चाळीसेक वर्षं कात्री चालवते, काप तिला माणसाच्या चेहऱ्यासारखा ओळखू येतो. तिने कार्ड उजेडात धरलं. एका कोपऱ्याच्या कडेला निळसर डाग होता. शाईचा नाही. खडूचा.

शर्टाच्या खिशाचे खालचे कोपरे गोल कसे करायचे, हे आबांनी तिला शिकवलं होतं. माप नाही, पट्टी नाही. "बॉबिन ठेव कोपऱ्यावर," आबा म्हणायचे, "खडू फिरव, काप. जगात दोन खिसे वेगळे दिसायचे नाहीत." भंगारात न दिलेल्या आबांच्या मशीनमधून तिने बॉबिन काढली, खालचा दोरा गुंडाळायची ती गोल चकती. कार्डाच्या कोपऱ्यावर ठेवली. तंतोतंत बसली. दुसऱ्यावर ठेवली, तिसऱ्यावर, चौथ्यावर.

"अरे देवा, आबा," ती मोठ्याने म्हणाली. दुकानात कोणी नव्हतं म्हणून बरं.

खात्री करायला ती घरात गेली. आई कूलरसमोर पडली होती.

"माय, ते मामांचं शेवटचं कार्ड तू पाहिलं होतंस का गं? हातात घेऊन?"

"देखं ना. मी पडद्याआड काजं करत बठेल व्हती. पोस्टमन वरडना, दोंडाईचानं कार्ड. मी म्हटलं, आना, काय लिखं? थोडा येळनं तुन्हा बाप आत उना आनि वाचीसन दखाडं." द्रौपदाबाई थोडी उठून बसली. "गोल कार्ड व्हतं ते. नवंच. मी इचारं तर म्हने, सरकारनी नवीन काढं, कोपरा दुमडतस नही."

थोडा वेळ! पडद्याच्या अलीकडे, पोस्टमन गेल्यावर, मिनिटभर. हातात एक कोपरा फाटलेलं कार्ड, पलीकडे बायको नववा महिना भरलेली, आधीची दोन मुलं गेलेली, आणि बायको हाका मारतेय, काय लिहिलंय? फाटलेला कोपरा जोडता येत नाही. मग कौतिक टेलरने त्याला जे येत होतं ते केलं. तो गोल कापला आणि उरलेले तीन त्याच्यासारखे केले. तिला अक्षर येत नव्हतं, मग वाक्य काय, तोंडाला येईल ते. आखाजी तोंडावर होती आणि तिने माहेरी जायचा हट्ट धरू नये एवढंच त्या वाक्याचं काम होतं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एकोणीस मेला, सविता जन्मली. धडधाकट, तीन किलोची, बोंबलत.

आता सांगायचं कसं? इथे सविताची चौकशी संपली आणि खरा घोर लागला. सांगावं तर आईच्या मनातला नवरा जातो. पंचेचाळीस वर्षांचा संसार, कधी हात उगारला नाही, तिला कधी शिळं खाऊ दिलं नाही. आबा दर आखाजीला सगळ्या गिऱ्हाइकांचं काम बाजूला ठेवून आधी आईचा नवा ब्लाऊज शिवायचे. "चल, दोंडाईच्याला सोडतो," म्हणायचे, ती नाही म्हणायची, मग ते गप्प मशीनवर बसायचे. सविताला तो लाड वाटायचा. आता कळलं, त्या टाक्यांत काय काय होतं. आणि न सांगावं तर तिकडे एक म्हातारा दिवसातून दहादा विचारतोय, द्रौपदा आली का? तो तसाच गेला तर?

तीन दिवस ते कार्ड तिच्या मापांच्या वहीत पडून राहिलं. दुकानाच्या इतिहासात पहिल्यांदा एक ब्लाऊज पाचव्या दिवशी गेला. समाधानला राहवलं नाही. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवल्या.

"आबा गेले," तो म्हणाला. "मामा अजून आहेत. मला तर एवढंच कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर सविता कार्ड आणि बॉबिन घेऊन आईसमोर बसली. तिने काही फिरवून सांगितलं नाही. तार, तारीख, खडू, बॉबिन, सगळं एकामागून एक. आईच्या हातात कार्ड दिलं. द्रौपदाबाईने ते वाचायला नव्हे, चाचपायला घेतलं. अंगठा एका कोपऱ्यावरून फिरला, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून, चौथ्यावर येऊन थांबला.  

"कौतिक!" द्रौपदाबाई ओरडली.

सविता दचकून मागे सरली. आईच्या तोंडून वडिलांचं नाव तिने उखाण्याशिवाय कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्याचं नाव असं नुसतं घ्यायचं नसतं, आबा गेल्यावरसुद्धा ती "सविताना बाप" म्हणायची. आणि आता भिंतीवरच्या फोटोकडे बघून, हार हलेल एवढ्या आवाजात, "कौतिक! अरे कौतिक! मन्ही माय मरनी आनि तू माले सांगं ऊन फार शे?"

मग ती रडली. खूप रडली. आईसाठी रडली की भावासाठी की नवऱ्यासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. सविता तिची पाठ चोळत राहिली आणि स्वतःही रडली. "माय, माझ्यासाठी केलं गं त्यांनी. माझ्यामुळे झालं हे सगळं."

द्रौपदाबाईने पदराने नाक पुसलं. "तुन्हामुये कसाले?" तिने सविताच्या गालावर चापट मारल्यासारखा हात ठेवला. "त्या टायमाले सांगं असतं तर तू वाचतीस का नही, देव जाने. तेवढं त्यानी बरं कया. पन तू व्हयनी, मोठी व्हयनी, दोन पोरांनी माय व्हयनी, तवपर्यंत त्यानी जीभ झडी गयती का?" फोटोकडे पाहून ती पुन्हा पेटली. "भित्रा! जन्मभर भित्रा! झुरळ दिसं तर मशीनवर चढे."

हे खरं होतं. आबा झुरळाला भ्यायचे. दोघी रडता रडता हसल्या, आणि हसू आवरल्यावर द्रौपदाबाई उठली. कार्ड सविताच्या हातात दिलं आणि दाराकडे निघाली.

"कुठे चाललीस?"

"बाहेर. आठे घरमा वाचतस का असं कार्ड? चाल."

ती ओट्याच्या पायऱ्या उतरून गल्लीत उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन. सकाळची वेळ, समोरची बाई नळावर, एक रिक्षा वळण घेत होती. सविता तिच्यासमोर उभी राहिली आणि बावन्न वर्षांपूर्वी आलेलं कार्ड तिने मोठ्याने वाचलं:

"श्री. कौतिकराव यांस निंबाचा रामराम. कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमच्या आईस काल सोमवारी दुपारी देवाज्ञा झाली. शेवटपर्यंत द्रौपदाचं नाव घेत होती. दहावा बुधवारी, दोन तारखेस आहे. द्रौपदाला जपून सांगावे. तिला बरोबर घेऊन यावे. मला आता तिच्याशिवाय कोणी नाही. निंबा."

द्रौपदाबाईने सगळं ऐकलं. मध्ये एकदाच "पुन्हा वाच" म्हणाली, शेवटच्या दोन ओळींना. मग हात पुढे केला. सविताने कार्ड दिलं, आणि तिला काही कळायच्या आत आईने ते उभं फाडलं, आडवं फाडलं, आणि तुकडे गटारीत सोडले.

"माय! अगं काय केलंस!" सविताचा जीव कळवळला. घराण्यातला सगळ्यांत मोलाचा कागद! तीन दिवस मापाच्या वहीत जपलेला! "मामांना काय दाखवणार आता?"

"त्यानीच लिखं, त्याले काय दखाडानं?" द्रौपदाबाई म्हणाली. "माहीत नव्हतं ते माले." आणि मागच्या दाराने न्हाणीत गेली, डोक्यावरून पाण्याचे तांबे घेतले, पांढरे केस निथळत बाहेर आली आणि विचारलं, दोंडाईच्याची गाडी कधी आहे?

भडगावहून अमळनेर बसने, तिथून रेल्वे.  आबांनी शेवटच्या आखाजीला शिवलेला ब्लाऊज तिने घातला होता, तो सविताने दोन्ही बाजूंनी आत घेतला होता, कारण आता अंगावर काही उरलं नव्हतं. गाडीच्या खिडकीतून झळा येत होत्या. दोंडाईच्याच्या स्टेशनवर राकेश रिक्षा घेऊन उभा होता. आजीला बघून तो वाकून पायाच पडला.

मामांचं घर आता स्लॅबचं झालं होतं, पण अंगणातला निंब तोच असावा, कारण द्रौपदाबाई त्याच्याजवळ थांबली, खोडाला हात लावला आणि मगच आत गेली. पुढच्या खोलीत खाटेवर एक वाळलेला माणूस कुशीवर पडला होता. डोळ्यांत मोतीबिंदू. सुनेने त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, नाना, कोण आलं बघा. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. द्रौपदाबाई खाटेच्या कडेला बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. सविता दाराशी उभी होती. एवढी वर्षं लोकांच्या घरचं पोटातलं काढलं तिने, पण इथे पुढे काय होणार याचा तिला अंदाज येईना.

"भाऊ," द्रौपदाबाई म्हणाली, "तुन्हं कार्ड मियनं."

 म्हाताऱ्याची बोटं तिच्या मनगटावरून वर सरकली, बांगड्या मोजल्यासारखी, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, आणि तापलेल्या गालावर येऊन थांबली.  सुनेने डोळ्यांना पदर लावला.

"इतला उन्हामा कसाले उनी व?" निंबामामा म्हणाले. "ऊन केवढं शे बाहेर."

द्रौपदाबाईने डोकं त्याच्या छातीवर टेकलं.

"तूच तर लिखेल व्हतं ना," ती म्हणाली, "तिला बरोबर घेऊन यावे."